हार्ट अटॅकच्या 'डॅमेज'ला मराठीत काय म्हणता?

मामाला मागच्या आठवड्यात अटॅक आला, आता बरा आहे. डॉक्टर म्हणाले, रक्तातल्या ट्रोपोनिनवरून (हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन) डॅमेजचा अंदाज येतो. घरी आजीला सांगताना अडलो. 'हानी' म्हटलं की पेपरातली जीवितहानी आठवते, 'नुकसान' म्हणजे दुकानाचं वाटतं. आणि अशा आजाराची खूण देणाऱ्या पदार्थाला, म्हणजे बायोमार्करला, 'जैवचिन्हक' म्हणे, असं कोण बोलतं?

– आजीला 'हृदयाला किती मार बसलाय' म्हणा की. मुका मार असतो ना, तसाच, वरून दिसत नाही.

– मार बाहेरून बसतो हो, इथे रक्तच पोचत नाही म्हणून स्नायू मरतो. 'इजा'पण नको, इजा भरून येते, हा मेलेला भाग भरत नाही, तिथे वण राहतो. आता त्या पेशी फुटल्या की आतलं ट्रोपोनिन रक्तात झिरपतं, त्यावरून आपण मागे मागे जातो, म्हणून बायोमार्करला मी 'माग' म्हणेन. चोराचा काढतात तोच.

– लॅबमध्ये काम करते म्हणून सांगते, आमच्याकडे माग नाही आणि चिन्हकही नाही, 'ट्रॉप वाढलाय' एवढंच, वॉर्डातल्या मावशीसुद्धा हेच म्हणतात. पण 'अंदाज' शब्द सोडू नका, ते मोजमाप नव्हे. ट्रोपोनिन ३-४ तासांनी चढायला लागतं, १२ ते २४ तासांत सगळ्यात वर जातं, मग आठवडाभर तरी हळूहळू उतरत राहतं, सीके-एमबी हा दुसरा मार्कर मात्र २-३ दिवसांत खाली येतो. त्यामुळे एकाच सँपलवरून काय सांगणार? किडनी खराब असली तरी आकडा वाढलेला दिसतो. त्यात अँजिओप्लास्टी करून ब्लॉक उघडला की साचलेलं एकदम वाहून येतं, आकडा लवकर आणि उंच जातो, नातेवाईक घाबरतात उगाच.

– हे तर आमच्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलासारखं झालं! पावसाळ्यात सांगलीत कुणी 'पुलाजवळ पाणी ४० फूट' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, चढतंय का उतरतंय?

– अहो आजी सांगलीचीच आहे! काल तिला एवढंच सांगितलं, मामाचं पाणी उतरतंय. तर म्हणते, "उतरू दे, पण चिखल किती राहिलाय?" म्हटलं, ते बघायला सोमवारी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढणार आहेत.