मदत हवी आहे: शेवटी मॅकबेथची कीव यायला हवी का?

मंडळी, सदाशिव पेठेत एका हॉलवर आमची शेक्सपिअरच्या मॅकबेथ नाटकाची तालीम चालू आहे (शिरवाडकरांचं राजमुकुट नाही, आमचंच दीड तासाचं रूपांतर) आणि मी पार अडकलोय. राजा डंकनचा खून स्टेजवर दिसत नाही, रक्ताळलेले हात घेऊन मॅकबेथ बाहेर येतो आणि बायकोला सांगतो की मला 'आमेन' म्हणताच आलं नाही, तिथे काल चहा घेऊन आलेला पोरगापण किटली हातात धरून उभा राहिला, म्हणजे बघा, खुन्याबद्दल वाईट वाटतंय! पण चौथ्या अंकात तोच विरोधात गेलेल्या सरदार मॅकडफच्या बायको-पोरांना मारायला माणसं पाठवतो, मग प्रेक्षक परत त्याच्या बाजूला आणायचा कसा? हात चोळत झोपेत चालणारी लेडी मॅकबेथ उरलीसुरली सगळी सहानुभूती घेऊन जाते आणि आमचा हिरो पुढे नुसता ओरडतो. मला वाटतं बायको गेल्याची बातमी येते तिथे त्याने थकून, हळू बोलावं. दिग्दर्शक म्हणतोय मॅकडफच्या घरचा सीनच कापू, मला ती चक्क लबाडी वाटते. कोणी केलंय का हे नाटक? तुम्ही तो सीन ठेवला होता का आणि नंतर लोक कसे बसले होते? रविवारी रनथ्रू आहे हो!