लगेज की लगेजेस? (आणि रीच, ट्रॅव्हल, स्टे वगैरे)

कोथिंबीरवडी:
आई पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच एकटी चाललीये, नाशिकहून मुंबई आणि तिथून मँचेस्टर, दादाकडे, सहा आठवडे. रोज रात्री जेवणं झाली की मी इमिग्रेशनवाला साहेब होते आणि आमचा सराव सुरू. काल विचारलं, हाऊ लाँग आर यू स्टेइंग, तर म्हणाली ट्वेंटी मिनिट्स बाय कार. लाँग म्हणजे लांब धरून तिने दादाचं घर एअरपोर्टपासून किती लांब ते सांगून टाकलं 😄 हसून झालं, पण तीन ठिकाणी मीच अडकलेय. टू लगेजेस म्हणायचं की लगेज? आय विल रीच टू मँचेस्टर चालतं का? आणि ट्रॅव्हल, जर्नी, ट्रिप यात फरक काय, आपल्याकडे सगळा प्रवासच की.

वाटसरू:
लगेजला अनेकवचन नाही, बॅगेजलाही नाही. आईंना सांगा, आपल्या सामानासारखंच आहे ते. आपण तरी कुठे दोन सामानं म्हणतो? सामानाचे दोन नग म्हणतो. आमचे आजोबा एसटीतनं उतरले की डाग मोजायचे, पाच डाग होते चारच दिसतायत, आणि मग सगळ्यांची धावपळ. तर तो नग किंवा डाग म्हणजेच पीस, टू पीसेस ऑफ लगेज. तिकिटावर बॅगेजच्या पुढे बऱ्याचदा २ पीसी असं छापलेलं असतं ना, ते हेच. तोंडात बसत नसेल तर सरळ टू बॅग्स म्हणावं, बॅगा मोजता येतात.

जुनी मास्तरीण:
रीच टू नको. ही चूक 'मँचेस्टरला पोचेन' मधल्या 'ला'मुळे होते, 'ला' दिसला की आपला हात टूकडे जातोच. गो टू बरोबर, कम टू बरोबर, पण रीचला मधे काहीच लागत नाही. अराइव्ह घेतलं तर शहराला इन आणि स्टेशन, एअरपोर्टला ॲट, टू तिथेही नाही.

आणि विचारलं नाहीस तरी सांगते, व्हेन आय विल रीच आय विल कॉल यू हे मुलं हमखास लिहायची. 'पोचेन तेव्हा फोन करेन' असं मनात जुळवलं की दोन्हीकडे विल येतं. पण बोलताना आपण असं म्हणतो का गं? आपण म्हणतो पोचले की फोन करते. अजून घरातनं निघालोही नाही आणि पोचले! इंग्रजीतही व्हेनच्या बाजूला विल येत नाही, व्हेन आय रीच, आय विल कॉल यू. आईला 'पोचले की' एवढंच लक्षात ठेवायला सांग.

वाटसरू:
तिसरा प्रश्न राहिला. अ ट्रॅव्हल असं म्हणत नाहीत, आय ट्रॅव्हल्ड बाय ट्रेन असं क्रियापद करून वापरायचं. जर्नी म्हणजे इथून तिथपर्यंत जाणं, ट्रिप म्हणजे जाऊन, राहून, परत येणं. दादाच्या शेजाऱ्याने हाऊ वॉज युअर जर्नी विचारलं तर विमानात झोप लागली का तेवढं सांगायचं, सहा आठवड्यांची कहाणी नाही.

जर्नी हा शब्द मुळात फ्रेंचमधनं आलाय, दिवस या अर्थाच्या शब्दावरनं, एका दिवसात कापायचं अंतर. म्हणजे आपली मजलच की, मजल दरमजल मधली! आणि ट्रॅव्हल आला कष्ट या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरनं, लग्नसराईत एसटीने गेलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

खिडकीची जागा:
मला विचाराल तर काउंटरवर खरी गडबड स्टेची होते. आपलं 'राहणे' दोन्हीकडे चालतं, नाशिकला राहते आणि हॉटेलात राहिले. म्हणून आपण आय स्टे इन नाशिक म्हणून मोकळे होतो, पण ऐकणाऱ्याला वाटतं ही बाई नाशिकला चार दिवस मुक्कामाला आलीये. घर असेल तर लिव्ह, मुक्काम असेल तर स्टे. आय लिव्ह इन नाशिक, आय ॲम स्टेइंग विथ माय सन फॉर सिक्स वीक्स. हे शेवटचं वाक्य पाठच करून घ्या, त्यात त्याचे दोन प्रश्न संपतात.

अजून एक, एअरपोर्टवरून ट्रेनने जाणार असतील तर डब्याला बोगी म्हणू नये. तिकडे बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा. कोच किंवा कॅरेज म्हणायचं, पण नुसतं कोच म्हटलं की त्यांना लांब पल्ल्याची बसही वाटू शकते, मग कॅरेजच बरं.

पावसाळी:
मी ग्लासगोत असते. इथले लोक व्हेअर डू यू स्टे विचारतात आणि त्यांना घरच विचारायचं असतं, स्कॉटलंडमध्ये तसंच बोलतात. मी आल्या आल्या प्रामाणिकपणे हॉटेलचं नाव सांगून बसले होते 🙈 पण मँचेस्टर इंग्लंडात, तिथे वरचाच नियम धरा.

कोथिंबीरवडी:
सगळ्यांचे आभार! आज परत बसलो. टू पीसेस ऑफ लगेज, बरोबर. स्टेइंग विथ माय सन फॉर सिक्स वीक्स, न अडखळता. मी वहीवर खोटा खोटा शिक्का मारला, थँक यू मॅडम म्हटलं, तर आई पर्स उचलून उठली आणि म्हणाली, ओके सर, आय कम. म्हटलं अगं, आय गो म्हण, नाहीतर आय ॲम गोइंग, तर माझ्यावरच डाफरली, निघताना 'जाते' म्हणतं का गं कोणी?