मदत हवी आहे : एसीचा क्लच गरम झाल्यावर सुटतो

मंडळी, पेट्रोल हॅचबॅक आहे. कोल्हापुरात उद्यमनगरात कोण चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन आहे का? सकाळी एसी झकास, पण तावडे हॉटेलपासून रंकाळ्यापर्यंत दुपारच्या ट्रॅफिकमध्ये क्लच (एसीचा कॉम्प्रेसर इंजिनला जोडणारा) सुटतो. ब्लोअर चालू, हवा गरम.

गॅस भरा म्हणू नका. इंजिन बंद असताना ३० अंशाला गॅसचं प्रेशर ९५ पीएसआय आहे. फ्यूज ठीक, रिले (क्लचला करंट देणारा स्विच) हॉर्नच्या रिलेशी बदलून पाहिला. क्लच ओढणारी कॉइल ३.६ ओहम. इंजिन चालू ठेवून कॉइलचा कनेक्टर काढला की १३.९ व्होल्ट, जोडला की ९.२! अर्थिंगमध्ये जेमतेम ०.१ व्होल्ट पडतो. म्हणजे खोट रिले ते कॉइल वायरमध्येच ना?

हार्नेसमधला (वायरच्या जुडग्यातला) जोड नेमका कुठं सडतो? की १.५ चौरस मिमीची नवी वायर टाकू? कॉइलवरचा डायोड (कॉइल बंद होतानाचा व्होल्टेजचा झटका रोखणारा) मात्र ठेवणारच.