निवासी उन्हाळी लेखन वर्ग : अकरावीतील मुलीला पाठवावे का?

प्रश्न (पालक, फोंडा, गोवा)

माझी मुलगी अकरावीत असून मराठीत कथा लिहिते. पाचवीपासून शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असल्यामुळे तिच्या लेखनाविषयी मोकळेपणाने बोलणारे कोणी तिला शाळेत भेटले नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात शाळकरी वयाच्या लेखकांसाठी दोन आठवड्यांचा निवासी उन्हाळी वर्ग भरतो, ही माहिती तिनेच शोधून काढली आणि आता तेथे अर्ज करायचाच, असा तिचा आग्रह आहे. खर्च आम्हाला जड जाणार आहे, तरी केवळ त्यापायी तिला नाही म्हणणे जिवावर येते. इतक्या थोड्या दिवसांत मूल काय शिकते आणि मराठीत लिहिणाऱ्या मुलीला तेथे काय मिळेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (निवृत्त शिक्षिका, डिचोली)

तेथील वर्गाचा मला अनुभव नाही. मुक्कामाने काय साधते, एवढे मात्र मी पाहिले आहे. काही वर्षे मे महिन्याच्या सुटीत एका देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या जागेत, मी आठवी ते दहावीच्या मुलांचे चार दिवसांचे शिबिर घेत असे. मुले दिवसा लिहीत आणि रात्री जेवणे आटोपल्यावर एकमेकांना वाचून दाखवत. एका मुलाने आपल्या दिवंगत आजीवर लिहिले होते, आणि ती किती प्रेमळ होती हेच त्याने दोन पाने सांगितले होते. ऐकणाऱ्या एका मुलीने विचारले, "तिच्या पानाच्या तबकाचे पुढे काय झाले?" तो गप्प राहिला. सकाळी न्याहारीपूर्वीच तो नवे पान घेऊन आला. त्यात तबक, अडकित्ता आणि डबीत सुकून खडा झालेला चुना, एवढेच होते. शाळेच्या तासाला घंटा होते, मुले घरी जातात आणि असा प्रश्न तेथेच विरून जातो. तो रात्रभर मनात राहावा आणि सकाळी विचारणारी समोर असावी, यासाठीच मी मुक्कामाचा आग्रह धरीन, मग ते शिबिर आयोवात असो वा आपल्या गावात.

उत्तर २ (इंग्रजीचे प्राध्यापक, मडगाव)

व्यवहाराच्या दोन गोष्टी आधी पाहाव्यात. हे वर्ग जून-जुलैत भरतात आणि तेव्हा आपल्याकडे बारावीचे वर्ग चालू असतात. म्हणून उच्च माध्यमिक शाळेच्या प्राचार्यांशी हजेरीविषयी आताच बोलून घ्यावे. आर्थिक साहाय्याची चौकशीही अर्जापूर्वीच करावी.

निवड मुख्यतः पाठवलेल्या लेखनावरून होते. तेथील चर्चा इंग्रजीत चालत असल्यामुळे तिला आपल्या कथेचा अनुवाद करावा लागेल, आणि तो तिने स्वतःच करावा, असे मी कळकळीने सांगतो. मोठ्यांनी हात फिरवून गुळगुळीत केलेले लेखन निवडले गेले, तरी पुढे तिला दोन आठवडे दुसऱ्याच कोणाच्या तरी कथेवर बोलत बसावे लागेल.

पुन्हा पालक

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. हजेरीचा विचार आमच्या मनातच आला नव्हता. सोमवारी प्राचार्यांना भेटतो. काल तिने कथेची दोन पाने इंग्रजीत केली. 'राजांगण' (घराच्या मधला मोकळा चौक) या शब्दापाशी ती बराच वेळ अडून बसली, शेवटी तो शब्द तिने तसाच ठेवला आणि तेथील तुळशीपाशी सांडलेल्या पाण्याचे एक वाक्य मूळ मराठी कथेतही नव्याने घातले. अर्ज तिलाच भरू देतो.