मेल सर्व्हरच्या पुढे स्पॅम गाळणारा गेटवे: परतीच्या मेलची रांग कशी थांबवावी?

प्रश्न (रत्नागिरी): आमच्या आंबा प्रक्रिया कारखान्याचा मेल सर्व्हर कार्यालयातच आहे. हंगामात परदेशी चौकशांबरोबर स्पॅमचाही लोंढा येतो, म्हणून मुंबईतील भाड्याच्या सर्व्हरवर पोस्टफिक्स (मेल स्वीकारून पुढे पाठवणारे सॉफ्टवेअर) आणि आरस्पॅमडी (स्पॅम ओळखणारे सॉफ्टवेअर) बसवून एमएक्स नोंद (डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरकडे जावा हे सांगणारी नोंद) तिकडे वळवली. स्पॅम बराच घटला. मात्र या गेटवेच्या रांगेत परतीच्या मेलचा (मेल पोहोचला नाही असे कळवणाऱ्या सूचनांचा) ढीग साचतो आणि काही स्पॅम अजूनही थेट कार्यालयातील सर्व्हरवर येतो. याचे कारण काय असावे?

प्रतिसाद (कुडाळ): आपला गेटवे डोमेनवरील कोणताही पत्ता स्वीकारत असावा. अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावरचा मेल आतला म्हणजे कार्यालयातील सर्व्हर नाकारतो, तेव्हा प्रेषकाला नकार कळवण्याची जबाबदारी गेटवेवर येते. आणि स्पॅममधील प्रेषकाचा पत्ता बहुधा बनावट असल्याने तो नकार कुणा त्रयस्थाच्या माथी बसतो किंवा रांगेत अडकतो. हे असेच चालू राहिले तर आपलाच आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरील पत्ता) स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत जाईल. ते टाळण्यासाठी पोस्टफिक्सच्या ‘रिले रेसिपिएंट मॅप्स’ या मांडणीमध्ये खऱ्या पत्त्यांची यादी द्यावी, म्हणजे चुकीच्या पत्त्याला जोडणी चालू असतानाच 550 या संकेतांकाने कायमचा नकार मिळेल. पोस्टफिक्स आतल्या सर्व्हरला विचारूनही पत्ता पडताळू शकतो, परंतु पावसाळ्यात वीज जाऊन तो सर्व्हर बंद पडल्यावर पूर्वी न पडताळलेले पत्ते 450 (नंतर पुन्हा प्रयत्न करा) हा संकेतांक देऊन ताटकळत ठेवले जातात. आपल्याकडे यादीच बरी.

प्रतिसाद (अलिबाग): थेट येणाऱ्या स्पॅमसाठी कार्यालयाच्या फायरवॉलवर पोर्ट 25 (सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो मार्ग) फक्त गेटवेच्या आयपीसाठी उघडे ठेवावे, कर्मचाऱ्यांना मेल पाठवण्यासाठी पोर्ट 587 पुरेसे आहे. जुना सर्व्हर दुय्यम एमएक्स म्हणून ठेवला असल्यास ती नोंदही काढावी, कारण स्पॅम पाठवणारे मुद्दाम तिकडून शिरतात. एसपीएफ तपासणी (मेल पाठवणाऱ्या आयपीला त्या डोमेनची परवानगी आहे का हे पाहणे) गेटवेवरच व्हावी. आतल्या सर्व्हरला प्रत्येक मेल गेटवेच्या आयपीवरून आलेला दिसतो, त्यामुळे तिथे ती चालू राहिली तर खरे ग्राहकही नापास ठरतील.

प्रतिसाद (वेंगुर्ले): गेटवेवर स्वतःचा अनबाउंड (डीएनएस म्हणजे इंटरनेटवरील नावे-पत्ते शोधून देणारा सर्व्हर) चालवावा, कारण सार्वजनिक डीएनएसमार्फत विचारल्यास स्पॅमहाउस या संस्थेच्या स्पॅम पाठवणाऱ्यांच्या मोफत याद्यांकडून योग्य उत्तर मिळत नाही. आरस्पॅमडीत मूळ मांडणीनुसार 6 स्पॅम-गुणांना मेलच्या हेडरमध्ये (विषयात नव्हे, तांत्रिक माहितीत) स्पॅमची खूण होते आणि 15 ला मेल नाकारला जातो. हंगामात ही 15 ची मर्यादा खाली आणू नये. नव्या व्यापाऱ्याची चौकशी हरवण्यापेक्षा ती जंक फोल्डरमध्ये सापडलेली केव्हाही चांगली. कार्यालय बंद पडल्यास पोस्टफिक्स मेल 5 दिवस रांगेत ठेवतो, आणि ही मुदत वाढवता येते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. विक्री विभागाचा सामायिक पत्ताही यादीत घ्यावा लागेल का?

प्रतिसाद (कुडाळ): होय, टोपणपत्ते आणि गटांचे पत्तेसुद्धा. यादीत बदल केल्यावर ‘पोस्टमॅप’ (यादी पोस्टफिक्सला वाचता येईल अशा रूपात आणणारी आज्ञा) चालवण्यास विसरू नये.