मदत हवी आहे: डोबेरायनरची त्रिके कुठे जुळतात, कुठे नाही. असं का?

नमस्कार मंडळी,

पुतणी यंदा दहावीला आहे, राज्य मंडळ. मूलद्रव्यांच्या वर्गीकरणाचा धडा घेताना तिच्या एका प्रश्नावर आम्ही अडलोय.

डोबेरायनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1829 साली सारख्या गुणधर्मांची तीन-तीन मूलद्रव्यं एकत्र मांडली. मधल्याचं अणुवस्तुमान कडेच्या दोघांच्या सरासरीच्या जवळ येतं. लिथिअम 6.9, पोटॅशिअम 39.1, सरासरी 23, सोडिअमही 23! क्लोरीन 35.5 आणि आयोडीन 126.9 यांची सरासरी 81.2, ब्रोमीन 79.9. ब्रोमीन तर 1826 मध्ये नुकतंच सापडलं होतं.

तिने विचारलं, "काका, मग फ्लुओरीन, क्लोरीन, ब्रोमीन घेतलं तर? तेही आवर्तसारणीत एकाच गणातले, म्हणजे एकाच उभ्या रांगेतले." करून बघितलं. 19 आणि 79.9 ची सरासरी साधारण 49.5, क्लोरीन मात्र 35.5. साफ फसलं. "नियम सगळीकडे लागू पडत नाही" एवढं लिहून मार्क मिळतील, पण इतका छान प्रश्न तसा गुंडाळायला मन घेत नाही. पहिली दोन त्रिकं जुळली तो योगायोग होता का? दहावीच्या मुलीला कळेल असं कुणी सांगाल का?

प्रतिसाद:
पुतणीला शाबासकी द्या. योगायोग नाही. अणुवस्तुमानाऐवजी अणुअंक (अणूतल्या प्रोटॉनांची संख्या) लिहून बघा.

लिथिअम 3, सोडिअम 11, पोटॅशिअम 19: दोन्हीकडे अंतर 8.
क्लोरीन 17, ब्रोमीन 35, आयोडीन 53: दोन्हीकडे 18.
फ्लुओरीन 9, क्लोरीन 17, ब्रोमीन 35: एकीकडे 8, दुसरीकडे 18.

दुसरं आणि तिसरं आवर्त (सारणीतली आडवी ओळ) 8 घरांचं, चौथं आणि पाचवं 18 घरांचं. दोन्ही उड्या सारख्या लांबीच्या पडल्या तरच मधलं मूलद्रव्य बरोबर मध्यावर येतं. अणुवस्तुमानही साधारण अणुअंकाबरोबरच वाढतं, म्हणून सरासरी जवळपास जुळते. डोबेरायनरला हे दिसणं शक्यच नव्हतं, मोझले या भौतिकशास्त्रज्ञाचं अणुअंकावरचं काम 1913 चं. नुसत्या वजनांवरून त्याने एवढं हेरलं याचं मला फार कौतुक वाटतं.

धागाकर्ता:
मनापासून आभार! म्हणजे न्यूलँड्सची अष्टकं (दर आठव्या मूलद्रव्याचे गुणधर्म पहिल्यासारखे, हा त्याचा नियम) कॅल्शिअमनंतर बिघडतात तेही यामुळेच ना?

प्रतिसाद:
हो. कॅल्शिअम 20 वर आहे, 21 पासून मध्ये दहा जादा मूलद्रव्यं येतात. आता तिला सोडिअम, पोटॅशिअम, रुबिडिअम करायला द्या. त्रिक जुळेल का, ते आकडेमोडीआधी सारणी बघूनच सांगायला लावा.