श्रीलंकेच्या दिवाळखोरीचा भार आधी गरीब घरांवरच का पडला?

चर्चाप्रस्ताव
१२ एप्रिल २०२२ रोजी श्रीलंकेने परकीय कर्जाची परतफेड थांबवली. पुढे घडी बसवण्यासाठी दरवाढ अटळ होती, हे मला मान्य आहे. माझा आक्षेप तिच्या क्रमाला आहे. ऑगस्टमध्ये रॉकेल लिटरमागे ८७ श्रीलंकन रुपयांवरून एकदम ३४० रुपये झाले. तेथील लहान मच्छीमारांच्या होड्यांची इंजिने रॉकेलवर चालतात आणि गॅस न परवडणाऱ्यांचे स्टोव्हही त्यावरच पेटतात, त्यामुळे एकाच निर्णयाने घरची मिळकतही बुडाली आणि स्वयंपाकही अडला. त्याच महिन्यात वीज सरासरी ७५ टक्क्यांनी महागली. तिजोरीला मोठे भगदाड पाडले ते २०१९ अखेरच्या करकपातीने. तिचा मोठा वाटा सधनांच्या पदरात पडला होता. भरपाई मात्र रॉकेलपासून सुरू व्हावी, हे अन्यायाचे आहे.

प्रतिसाद १
असहमत. दर स्वस्त ठेवून माल मिळत नसेल, तर त्या स्वस्ताईचा गरिबाला काय उपयोग? जूनअखेर अत्यावश्यक सेवा वगळता पेट्रोल-डिझेलची विक्रीच थांबवली होती. गॅससाठी लोक रिकामी सिलिंडरे साखळीने एकमेकांना बांधून रांगेत ठेवत, म्हणजे घरी जाऊन आले तरी नंबर जाऊ नये. रोजंदारीवरच्या माणसाची रांगेत बुडालेली मजुरी कोणत्याही दरपत्रकात दिसत नाही. शिवाय तोटा भरून काढण्यासाठी नोटा छापल्या गेल्या आणि सप्टेंबरात अन्नधान्याची वार्षिक महागाई ९५ टक्क्यांच्या आसपास पोहोचली. ही महागाई गरिबांवरचा सर्वांत क्रूर कर होती.

प्रतिसाद २
दोघांनीही शेतकरी वगळला आहे. २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर रातोरात बंदी आली. ती नोव्हेंबरात मागे घेतली, पण तोवर भाताचे नुकसान होऊन गेले होते. एरवी घरचा भात खाऊन उरलेला विकणाऱ्या कुटुंबावर तांदूळ विकत घेण्याची पाळी आली, आणि तीही भाव गगनाला भिडलेले असताना. पुढे जून २०२२ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांना घरी भाजीपाला पिकवण्यासाठी शुक्रवारची सुट्टी देण्यात आली. जाणत्या शेतकऱ्याचे हात बांधणाऱ्या सरकारने कारकुनांकडून पिकाची अपेक्षा धरावी, याचा मला आजही संताप येतो.

चर्चाप्रस्तावक
प्रतिसाद १ मधील रांगांचे वर्णन खरे आहे, पण त्यातून दरवाढीआधी मदत द्यायला नको होती असे सिद्ध होत नाही. ‘अस्वेसुम’ ही नवी रोख साहाय्य योजना २०२३ च्या मध्यास सुरू झाली, रॉकेलच्या दरवाढीनंतर जवळपास वर्षभराने. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार दारिद्र्याचे प्रमाण २०२१ मधील सुमारे १३ टक्क्यांवरून २०२२ मध्ये २५ टक्क्यांवर गेले. त्या काळात घरातले दूध बंद झालेल्या मुलाला वर्षभर थांबायला कसे सांगणार?

प्रतिसाद १
मदत हवीच होती. परंतु आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे सुमारे तीन अब्ज डॉलरचे कर्ज मार्च २०२३ मध्ये मंजूर झाले. त्याआधी भारताने दिलेल्या उधारीवर इंधन आणि औषधे आली होती. अशा स्थितीत रॉकेल जुन्या दराने विकले असते, तर पुढच्या जहाजाचे पैसे कोणी भरले असते, याचे उत्तर आपल्या प्रस्तावात नाही.